पान्ह्याला आलेला पूर

खाली चष्म्याचं दुकान आणि वर घर, अशी त्यांची राहणी होती. दुकान तिचं. लोकांचे डोळे तपासायचे, नंबर काढायचा, फ्रेम नाकावर नीट बसेपर्यंत तिच्या काड्या जराजराशा वाकवायच्या, हे काम ती लग्नाच्या आधीपासून करत होती. गल्लीत सगळे तिला चष्मेवालीच म्हणायचे. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. सासूबाईंचा उभा जन्म बसमध्ये तिकिटं फाडण्यात गेला होता. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी त्यांचा आवाज अजून ड्यूटीवरच होता. त्यांनी स्वयंपाकघरातून हाक मारली, की खाली दुकानात बसलेलं गिऱ्हाईकसुद्धा दचकून "ओ" द्यायचं.

या घरात मुलगी जन्माला आली ती कपाळाला आठ्या घालूनच. येणाऱ्याजाणाऱ्याकडे अशी रोखून बघायची, जणू आता गाडीचे कागद मागणार. बापाने पहिल्याच दिवशी तिला 'हवालदार' म्हटलं आणि तेच चिकटलं.

दूध उतरलं तेव्हा घरात आनंदीआनंद झाला. "माझ्या वेळी थेंबाथेंबासाठी जीव कासावीस व्हायचा," सासूबाई म्हणाल्या. "हिचं बघा, कसं भरभरून आलंय!" भरभरून हा शब्द थोडा झाला. ते आलं आणि येतच राहिलं. सकाळी चष्मेवाली उठायची ती ओल्याचिंब गाऊनमध्ये, आणि छाती दगडासारखी टणक. हवालदाराला एका बाजूला घ्यावं तर दुसरी बाजू आपणहून वाहायला लागायची. पाजताना मांडीवर टॉवेल लागायचा, आणि त्या टॉवेलखाली आणखी एक टॉवेल.

शिवाय पान्ह्याला धरबंध नव्हता. दुकानात एखादं पोरगं चष्मा नको म्हणून भोकाड पसरायचं आणि इकडे हिचा कुडता भिजायचा. मांजर म्यावलं तरी तेच. एकदा तर जिन्याचं दार कुरकुरलं आणि तेवढ्यावर पान्हा फुटला. नवऱ्याने मुकाट्याने तेलाची बुधली आणली आणि घरातल्या झाडून सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं.

एवढ्यावर हसता आलं असतं. पण हवालदाराला हे दूध धड पिता येईना. दोन घोट घेतले, की तिला ठसका लागायचा. चेहरा लालबुंद व्हायचा, पाठीची कमान व्हायची, तोंड सोडून ती किंचाळायची. आणि तिने तोंड सोडलं, की धार थेट समोर. एकदा ती धार समोर बसलेल्या नवऱ्याच्या चष्म्यावर बसली.

"थांब," चष्मेवाली म्हणाली, "तुझ्या चष्म्याला वायपर बसवून देते."

दोघं पोट धरधरून हसली. मग पोर पुन्हा रडायला लागली आणि हसू जिथल्या तिथे विरलं.

पोर रडते म्हणजे तिला दूध पुरत नाही, असा गल्लीचा एकमुखी निकाल होता. शेजारीण म्हणाली, उपाशी आहे बिचारी. लांबच्या मावशीने फोनवर सांगितलं, वरचं सुरू कर. चष्मेवालीला कळेना, कुणाचं ऐकावं. छातीचा ठणका थांबवायला तिने पंप लावला. बाटली भरली आणि जिवाला हलकं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी छाती आदल्या दिवसाहून जास्त भरली. मग पंप जास्त वेळा, मग दूध आणखी जास्त. एवढं काढलेलं ओतून टाकायला मन होईना, म्हणून ती ते पिशव्यांत भरून वर तारीख घालून फ्रीझरमध्ये ठेवायला लागली. आधी फ्रीझरमधले वाटाणे गेले, मग मासळी गेली, शेवटी बर्फाच्या ट्रेलासुद्धा बाहेरचा रस्ता दाखवला.

एके सकाळी हवालदाराने छातीला तोंड लावायलाच नकार दिला. नुसतं जवळ घेतलं तरी ती अंग टाकून रडायला लागली. चष्मेवाली तिच्याकडे बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"तिला मी नकोय," ती नवऱ्याला म्हणाली. "अख्ख्या जगाला पुरेल एवढं आहे माझ्याकडे, आणि हिलाच ते नकोय."

नवऱ्याने पान्यांची पेटी खाली ठेवली, कामावर फोन करून सुट्टी घेतली आणि दोघींना घेऊन दवाखाना गाठला.

तिथे स्तनपानाबद्दल सल्ला देणाऱ्या एक बाई बसायच्या. थोराड अंगाच्या, हसतमुख, गळ्यात मोजपट्टी. त्यांनी आधी बाळाला वजनकाट्यावर ठेवलं. हवालदाराने त्यांच्याकडे डोळे वटारून बघितलं.

"ही उपाशी?" बाई म्हणाल्या. "अहो, चांगली गुटगुटीत आहे. मांड्यांना वळ्या बघा. बरं, आता पाजून दाखवा मला."

ठसका, किंचाळी, धार, सगळं यथासांग झालं. धार बाईंच्या बाहीवर गेली. त्यांनी बाही पुसली आणि खुदकन हसल्या.

"तुमच्या शरीराचा गैरसमज झालाय. त्याला वाटतंय, घरात जुळी आहेत. कदाचित तिळीसुद्धा."

"त्याला कुणी सांगितलं असं?"

"तुमच्या पंपाने. जेवढं काढाल तेवढी आत ऑर्डर जाते, की एवढं लागतंय, आणखी पाठवा. आणि हिला दूध नको असं मुळीच नाही. तिला ते एवढ्या जोरात नकोय. नळ पूर्ण सोडून त्याखाली तुम्हाला तोंड धरायला सांगितलं, तर तुम्हीसुद्धा मलाच मारायला उठाल."

चष्मेवालीने नाक ओढलं. "म्हणजे तिचा माझ्यावर राग नाही?"

"तुमच्यावर? अहो, एवढ्या वेळात तिने मान वळवून तीनदा तुम्हालाच शोधलं. माझ्याकडे बघितलं ते फक्त दम द्यायला."

त्यांनी नीट समजावून सांगितलं. पंप एकदम बंद करायचा नाही, नाहीतर गाठी होतील. हळूहळू कमी करत आणायचा. फार ठणकलं तर हाताने थोडं काढायचं, बरं वाटण्यापुरतं, रिकामं होईपर्यंत नाही. पाजून झालं की गार फडकं ठेवायचं. ताप आला किंवा छाती लाल झाली तर लगेच यायचं. आणि पाजताना मागे रेलून बसायचं, बाळाला अंगावर पालथं घ्यायचं, म्हणजे दुधाला वर चढावं लागेल आणि जोर आपोआप कमी होईल. निघताना फ्रीझरची गोष्ट ऐकून मात्र बाई खुर्चीत पुढे सरकल्या.

"मोठ्या हॉस्पिटलमध्ये दुधाची बँक आहे. वेळेआधी जन्मलेल्या बाळांसाठी. तुमच्या रक्ताची तपासणी होईल, चार प्रश्न विचारतील, आणि सगळं ठीक असलं तर नेतील. त्या बाळांना एका वेळी चमचाभरसुद्धा खूप असतं."

घरी आल्यावर रेलून बसायची जागा काही सापडेना. सोफ्याची पाठ बुटकी होती. पलंगावर उशा रचल्या तर त्या घसरायच्या आणि माय-लेकी दोघी तिरप्या व्हायच्या. तेवढ्यात चष्मेवालीला आपली डोळे तपासायची खुर्ची आठवली. दुपारची वेळ होती, दुकान बंद होतं. ती हवालदाराला घेऊन खाली गेली, खुर्चीची कळ दाबली, पाठ मागे मागे नेली आणि पोरीला पोटावर पालथं टाकलं.

हवालदार जरा वेळ तशीच पडून राहिली. मग मान डुगडुगवत, नाकाने हुंगत वर सरकायला लागली. चष्मेवालीने श्वास रोखून धरला. पोरीने तोंड लावलं. एक घोट. आणखी एक. ठसका येणार म्हणून चष्मेवालीने टॉवेल हातात घेऊन ठेवला होता, पण ठसका आलाच नाही. जरा जास्त आलं तेव्हा हवालदाराने तोंड बाजूला केलं, जादाचं हनुवटीवरून ओघळू दिलं आणि पुन्हा कामाला लागली. गुटुक, गुटुक. बाकी दुकानभर शांतता. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता, चहूबाजूंनी कपाटांतून रिकाम्या फ्रेमा बघताहेत, आणि मधोमध या दोघी.

हळूहळू पोरीच्या मुठी उलगडल्या. मग कपाळावरच्या आठ्या गेल्या. ती त्या आठ्यांशिवाय कशी दिसते, हे चष्मेवालीने तोवर पाहिलंच नव्हतं.

पोर रडत कशी नाही, म्हणून घाबरून सासूबाई जिना उतरून आल्या. समोरचं बघून दारातच थबकल्या आणि, घरात पहिल्यांदाच कुणी ऐकलं असेल, कुजबुजत्या आवाजात म्हणाल्या, "प्यायली गं बाई माझी!"

त्यानंतर ती खुर्ची पोरीच्या मालकीची झाली. गिऱ्हाइकांना डोळे तपासायचे तर हवालदाराचं जेवण उरकेपर्यंत बाकावर बसायला लागायचं.

रक्ताचे रिपोर्ट चांगले आले. दुधाच्या बँकेची गाडी दुसऱ्या दिवशी येणार असं ठरलं, आणि आदल्या दिवशी भर दुपारी फ्रीझरने मान टाकली. नवऱ्याने फ्रीज पुढे ओढला, मागची जाळी काढली, कान लावला, ठोकून बघितलं.

"माणसं वरखाली करणारी मोटर असती तर हां हां म्हणता चालू केली असती," तो कपाळाचा घाम पुसत म्हणाला. "ही गेली."

चष्मेवालीच्या तोंडचं पाणी पळालं. एकदा वितळलं, की ते दूध बँकेच्या उपयोगाचं नव्हतं. तिने हॉस्पिटलला फोन लावला. गाडी आज नाही, पण गोठलेलं आणून दिलंत तर आत्ता घेऊ, असं उत्तर आलं. पण न्यायचं कशात? बाहेर ऊन मी म्हणत होतं. आणि नेमकी तेव्हाच खाली रस्त्यावर आइस्क्रीमच्या गाडीची ट्यँव ट्यँव सुरू झाली.

सासूबाईंनी खिडकी उघडली. "ओ गाडीवाले! जागच्या जागी थांबा!"

गाडीवाल्याने एवढा करकचून ब्रेक मारला, की गाडीच्या टपावरचा प्लास्टिकचा कोन हलला. तो चष्मेवालीचंच गिऱ्हाईक होता. तिनेच त्याला जाड भिंगांचा चष्मा करून दिला होता. त्याला सगळं सांगितलं.

"दूध?" तो म्हणाला. "मग माझ्याच गाडीतून जायला पाहिजे. माझा सगळा धंदाच दुधाचा आहे."

पिशव्या खोक्यांत भरून झाकणं घट्ट चिकटवली आणि व्हॅनिलाचे डबे बाजूला सारून मधे बसवली. चष्मेवाली पोरीला घेऊन मागे येणाऱ्या टॅक्सीत बसली. सासूबाई गाडीवाल्याच्या शेजारी चढल्या, कारण सामान त्यांच्या जबाबदारीवर होतं. नवरा मागच्या फळीवर उभा राहिला. गाडीची धून बंद करायचं बटण बिघडलेलं होतं, त्यामुळे स्वारी निघाली ती वाजतगाजत. गल्लीतली पोरं मागे धावायला लागली.

"आज आइस्क्रीम नाही!" सासूबाई ओरडल्या. "आज गाडी स्पेशल आहे! मधे थांबणार नाही!"

सिग्नलला एका पोलिसाने हात दाखवला. सासूबाईंनी डोकं बाहेर काढून त्याला खणखणीत आवाजात सांगितलं, की आत आईचं दूध आहे, तान्ह्या बाळांसाठी चाललंय. पोलीस आधी लाजला, मग त्याने शिटी फुंकून समोरची रहदारी थांबवली.

दुधाच्या बँकेतल्या बाईने एकेक पिशवी दाबून बघितली. नवरा-बायको, सासूबाई आणि गाडीवाला रांगेत उभे राहून तिच्या बोटांकडे बघत होते. शेवटची पिशवी तिने टेबलावर टकटक वाजवली. दगड!

"सगळं घेतलं," ती म्हणाली, आणि चौघांचा जीव भांड्यात पडला. गाडीवाल्याने उगाचच सगळ्यांशी हात मिळवले.

बाहेर बाकावर हॉस्पिटलच्या झग्यात एक मुलगी बसली होती. वयाने लहानच, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तिने हवालदाराकडे बघून विचारलं, "केवढी आहे?"

चष्मेवालीने सांगितलं आणि विचारलं, "तुमचं?"

"आत आहे. काचेच्या पेटीत. एवढंसं." तिने तळहात पुढे धरला. "माझं अजून उतरलं नाही. डॉक्टर म्हणतात उतरेल. तोवर दुसऱ्या कुणाचं तरी देतात त्याला. कुणाचं ते सांगत नाहीत."

चष्मेवाली तिच्या शेजारी बसली, आणि हवालदाराला अलगद त्या मुलीच्या मांडीवर दिलं. हवालदाराने तिच्याकडे रोखून बघितलं, बराच वेळ विचार केला आणि तिचं बोट मुठीत पकडून तोंडात घातलं. ती मुलगी हसली. हसता हसता रडली, आणि पुन्हा हसली.

"उतरेल," सासूबाई म्हणाल्या. "मला उशिराच उतरलं होतं. आणि माझा हा बघा, केवढा घोडा झालाय." घोड्याने मान खाली घातली.

परतीच्या वाटेवर गाडीवाल्याने सगळ्यांना आइस्क्रीम खाऊ घातलं. पुढच्या दिवसांत पंप हळूहळू मागे पडला आणि पूर ओसरत गेला. बँकेची गाडी आणखी काही वेळा येऊन गेली, मग तिला द्यायला जादा काही उरलं नाही. आता हवालदाराला लागेल तेवढंच येतं, वर थोडं सांडण्यापुरतं. मधेच ती पिणं थांबवते, मान मागे करून आईच्या तोंडाकडे बघते, आणि तोंडभर दूध असताना एवढी हसते, की सगळं आईच्या कुडत्यावर.