नाव लिहू नये

"काका, तुम्हाला इथं काम करायला आवडतं का हो?"

मैत्रिणींनी तिच्याशी पैज लावली होती. तिच्या बाबांच्या लाँड्रीतले इस्त्रीवाले काका कधी हसत नाहीत, त्यांना हे विचारूनच दाखव! दोघी दाराआड तोंड दाबून उभ्या होत्या. काकांनी डाव्या हातातली इस्त्री चादरीच्या टोकापर्यंत नेली, उभी करून ठेवली आणि म्हणाले,

"वीस वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलं."

झालं! तिच्या डोक्यात किडा वळवळू लागला. वक्तृत्वाचं बक्षीस मिळाल्यापासून घरात तिला 'भोंगा' म्हणत, आणि भोंग्याला अडवायची कुणाची छाती नव्हती. दोन दिवस बाबांच्या मागे लकडा लावून तिने सर्वेक्षण मंजूर करून घेतलं. नऊ माणसं, नऊ कागद, सहा प्रश्न आणि दाराशी बुटांचं रिकामं खोकं. कागदाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत: 'नाव लिहू नये. कुणी काय लिहिलं ते कुणालाही कळणार नाही.'

"नक्की ना, पोरी?" काकांनी विचारलं.

"शब्द म्हणजे शब्द!"

रविवारी जेवताना बाबा एकेक कागद वाचू लागले. ठीक, बरं, ठीक. एक मात्र दोन्ही बाजूंनी भरलेला. 'खिडकीपाशी पंखा नाही, दुपारी भोवळ येते. टेकायला स्टूल नाही. मालक गिऱ्हाइकांसमोर ओरडतात, तो चटका इस्त्रीपेक्षा जास्त बसतो.'

बाबांचा घास हातातच राहिला.

"कोण हा दीडशहाणा?"

"एवढंही कळत नाही, बाबा? शाई बघा कशी फरफटलीये! डावखुऱ्या माणसाचा हात लिहिताना ओल्या शाईवरून जातो ना! आणि तुमच्याकडे डावखुरे एकटे..."

"भोंग्या!" आई ओरडली.

पण तोवर सांगून झालं होतं. बाबांनी कागदाची घडी घातली आणि खिशात टाकली.

पुढच्या शनिवारी ती लाँड्रीत गेली, तर खिडकीपाशी नवा पंखा गरगरत होता. खाली स्टूल. बाबा चक्क सगळ्यांना अहो-जाहो करत होते. तिला उडीच मारावीशी वाटली. फक्त पंख्याखाली इस्त्रीला दुसराच माणूस होता. काका मागच्या बाजूला, धुण्याच्या हौदाशी ओल्या चादरी उपसत होते.

"तिकडे माणूस कमी पडत होता," बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले.

काकांच्या तळहातांची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती.

"पंखा लागला बघ. तुझ्यामुळे."

तिने हौदातल्या चादरीचं एक टोक धरलं.

"माझं नाव कसं कळलं कुणास ठाऊक," त्यांनी आवाज खाली आणला. "तुझ्यावर संशय नाही हं. तू शब्द दिला होतास."

मैत्रिणींना तिने पंख्याचं सांगितलं. हौदाचं नाही.

महिन्याभराने बाबांनाच हुरूप आला. "पुन्हा एकदा कागद वाटू. या वेळी बघ कसे खूश असतात सगळे!" खोकं पुन्हा दाराशी ठेवलं गेलं. संध्याकाळी ते घरी आलं, तेव्हा तिने एकेक कागद काढून बाबांपुढे ठेवला. छान. उत्तम. छान. बाबा मान डोलावत होते.

नववा कागद तिने हातातच ठेवला. शाई कुठेही फरफटलेली नव्हती. अक्षरं मात्र पहिलीतल्या मुलाची असावीत तशी, एक मोठं, एक बारकं, ओळ सोडून घसरलेली. 'सगळं छान आहे. काही तक्रार नाही.'

तिने पेन स्वतःच्या डाव्या हातात घेतलं आणि तेच वाक्य खाली लिहून पाहिलं. तशीच वेडीवाकडी अक्षरं उमटली. काकांनी हात बदलला होता. अर्धा तास तरी लागला असेल त्यांना.

"काय झालं गं?" आईने विचारलं.

ती काहीतरी म्हणाली. भोंग्याचा आवाज इतका हळू निघाला की बाबांनी मान वर केली.

"काय म्हणालीस?"

"उद्या सकाळी लाँड्रीत सगळ्यांसमोर मी काकांना सांगणार आहे," ती म्हणाली, "की त्यांचं नाव मी फोडलं. तुम्ही दोघं तिथे असलात तरी, आणि नसलात तरी."