दाराकडे तोंड करून

खाली गॅरेजात कुणाच्या तरी हातून पान्हा पडला आणि वरच्या खोलीत शवासनात पडलेले सगळेच्या सगळे ताडकन उठून बसले. ड्रायव्हरनं तर भिंत गाठली होती.

“पान्हा आहे,” बाई म्हणाल्या. “पडा पुन्हा. आणि डोळे मिटा. मघाशी एकानंही मिटले नव्हते, मी बघत होते.”

“बाई, नावातच घोळ आहे,” ड्रायव्हर म्हणाला. “शवं आम्ही पुष्कळ पाहिलीत. आता आम्हालाच शव व्हायला सांगता?”

हशा पिकला. बाईही हसल्या. फौजेतून परतलेल्या या मंडळींना योग शिकवायचं काम इस्पितळातल्या डॉक्टरबाईंनी त्यांच्या गळ्यात घातलं होतं. शाळेत पोरांना कवायत शिकवण्यात उभा जन्म गेलेल्या बाईंना वाटलं होतं, यात काय अवघड आहे? आसनं तर ही माणसं बिनतक्रार करत. गुडघे कुरकुरले तरी तोंडातून हूं की चूं नाही. अवघड होतं ते नुसतं पडून राहणं.

“सगळ्यांनीच डोळे मिटले तर दाराकडे कोण बघणार?” म्हातारा आचारी हळूच म्हणाला. या वेळी कुणी हसलं नाही.

बाईंचा धाकटा भाऊ फौजेतून परत आला तेव्हा दिवसभर दाराकडे तोंड करून बसायचा. बाहेरची झाडं दिसावीत म्हणून आई मायेनं त्याची खुर्ची खिडकीकडे वळवून ठेवायची. तो मुकाट्यानं परत फिरवायचा. वर्ष सरायच्या आत त्यानं जीव दिला. ‘जरा पड, विश्रांती घे’ असं त्याला घरातल्या प्रत्येकानं सांगितलं होतं. तू पड, दाराशी मी बसते, हे मात्र कुणालाच सुचलं नव्हतं.

“मग एकानं दाराशी बसा, उघड्या डोळ्यांनी,” बाई म्हणाल्या. “बाकीच्यांनी मिटा.”

“मी बसतो,” असं म्हणून उठला तो वायरलेस. फौजेत तो संदेशांच्या यंत्रावर असायचा, म्हणून हे नाव. आता घरी लोकांचे बिघडलेले पंखे आणि रेडिओ दुरुस्त करायचा. ड्रायव्हरच्या मते त्याचा ‘सेट चालू, आवाज बंद’. त्यानं प्लास्टिकची खुर्ची दारात ओढली, आणि त्या दिवशी आचारी चक्क घोरला.

मग तो रिवाजच पडला. बाईंनी पाळ्या लावून पाहिल्या, पण वायरलेस खुर्ची सोडेना. बाकीचे हळूहळू निवळत गेले. डॉक्टरबाईंच्या गोळ्या आणि बाईंचा श्वासाचा सराव मिळून कुणाला सलग झोप लागू लागली, कुणाचं घरात ओरडणं कमी झालं. वायरलेस त्या खोलीत एकदाही आडवा झाला नाही. बाई मनात म्हणत, असू दे, येतोय ना.

आणि एके दिवशी तो आलाच नाही.

“येईल हो,” ड्रायव्हर म्हणाला. “काल भेटला, चांगला खुशीत होता. ही बघा, हत्यारांची पेटीच देऊन टाकली मला. म्हणाला, तुला उपयोगी पडेल.”

बाईंनी पेटी ओळखली. त्या पेटीला कुणी बोट लावलं तरी अंगावर येणारा माणूस तो. भावानंही जायच्या आधी आपली सायकल शेजाऱ्याला देऊन टाकली होती, आणि अशीच खुशीत.

“वर्ग बंद. पेटी घ्या आणि चला माझ्याबरोबर,” त्या ड्रायव्हरला म्हणाल्या.

वायरलेसनं दार उघडलं. दाढी घोटून केलेली, अंगावर इस्त्रीचे कपडे, घर लख्ख. बायको कामावर गेली होती.

“पेटी परत का आणलीत?”

बाईंनी आडपडदा ठेवला नाही. “जीव द्यायचं ठरवलंय का तुम्ही?”

“अहो बाई, असं काय विचारता तोंडावर!” ड्रायव्हर कळवळला.

“विचारायचंच असतं.” बाईंनी नजर हलवली नाही. “ठरवलंय का?”

वायरलेसनं पेटी ड्रायव्हरच्या हातून घेऊन खाली ठेवली. मग म्हणाला, “हो. आजच.”

तिथल्या तिथे, त्याच्यासमोरच बाईंनी डॉक्टरबाईंना फोन लावला. त्याला क्षणभरही एकटं सोडू नका, इस्पितळातलं आवरून संध्याकाळी मीच येते, असं त्या म्हणाल्या. मग बाईंनी त्याला बजावलं, “घरात जे काही ठेवलं असेल ते ड्रायव्हरच्या हवाली करा.” त्यानं कपाटातून एक गाठोडं काढून दिलं. ड्रायव्हरनं ते न उघडता गाडीत कुलूपबंद केलं आणि लाल डोळ्यांनी परत आला.

“गाढवा, मला बोलायचंस ना!”

“काय बोलू? झोप येत नाही म्हणून?” वायरलेसला इतकं बोलताना दोघं पहिल्यांदाच ऐकत होते. “त्या दिवशी पहाऱ्याची पाळी माझ्या दोस्ताची होती. मी ढाराढूर झोपलो होतो. उठलो तेव्हा तो जिवंत नव्हता. तेव्हापासून डोळा लागतो न लागतो तोच दचकून उठतो. थकलो मी, बाई. फार थकलो.”

तुमची काही चूक नव्हती, असं बाईंच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. एवढं त्याला सगळ्यांनीच सांगितलं असणार.

“थकलायत तर आडवे व्हा.”

“आणि दार?”

“दाराशी मी आहे.”

“तुम्हाला झोप लागेल.”

“मला? जन्मभर परीक्षेच्या वर्गावर पहारा दिलाय मी. मान वळवायची कुणाची टाप नव्हती.”

त्याच्या चेहऱ्यावर हसू येता येता राहिलं. तो सतरंजीवर पडला. बाई खुर्ची घेऊन दाराशी बसल्या आणि हलक्या आवाजात सांगू लागल्या: श्वास येईल तसा येऊ द्या, सोडताना सावकाश सोडा, घाई नाही. तो सारखा मान उचलून दाराकडे बघायचा. दर वेळी बाई म्हणायच्या, “आहे मी.” ड्रायव्हरनं निरोप धाडला तसे वर्गातले एकेकजण येऊन भिंतीशी बसत गेले, आणि दुपार कलता कलता त्याचं मान उचलणं थांबलं.

बायको कामावरून आली ती दाराबाहेर चपलांचा ढीग पाहून हबकलीच. ड्रायव्हरनं तोंडावर बोट ठेवलं. “झोपलाय, वहिनी.”

“हे? झोपलेत?”

बाईंनी उठून तिला बाहेर नेलं आणि जे घडलं ते खालच्या आवाजात सांगितलं, काही न लपवता. ती जिन्याच्या कठड्याला धरून रडली. मग डोळे पुसून आत आली आणि नवऱ्याच्या किंचित उघड्या तोंडाकडे बघत राहिली. तिच्या हातांना काहीतरी काम हवं होतं. तिनं बाईंची खुर्ची उचलून अलगद खिडकीकडे वळवली.

“इकडे बसा बाई,” ती कुजबुजली. “सकाळपासून बसलायत. जरा वारा तरी लागेल.”

“असू दे,” बाई म्हणाल्या. आवाज न करता त्यांनी खुर्ची परत दाराकडे फिरवली आणि बसल्या.