दोन्ही कोपरांवर कापूस

आमच्या वॉर्डात रोज सकाळी रक्त काढायला येणाऱ्या माणसाला सगळे पेशंट ‘डास’ म्हणत. तो बिचारा डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात गुंडाळलेला, चष्म्यावर वाफ धरलेली आणि हातात नळ्यांचा ट्रे. माणूस सज्जन, पण दारात दिसला की निम्मा वॉर्ड झोपेचं सोंग घ्यायचा. मी तिथली सिस्टर. सोंगं ओळखण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, असा माझा समज होता.

कोरोनाचे दिवस होते. अतिदक्षता विभाग वरच्या मजल्यावर. तिथे खाटा थोड्या आणि पेशंट ढीगभर. म्हणून आमच्या डॉक्टरीणबाईंनी एक पद्धत सुरू केली होती. रोज रक्त तपासायचं, सूज किती, गुठळ्या होण्याची भीती किती, पेशी किती घटल्या ते बघायचं, आणि कोण ढासळणार हे आधीच ओळखून त्याला वर हलवायचं. माणूस कितीही आव आणू दे, त्याचं रक्त चुगली करतंच, असं त्या म्हणायच्या.

खिडकीजवळच्या दोन खाटांवर जुळे भाऊ होते. धंदा गाद्या शिवण्याचा. आल्या आल्या दोघांनी आमच्या गाद्या दाबून बघितल्या आणि अशी काही मान हलवली, की मलाच ओशाळल्यासारखं झालं. थोरला जेमतेम काही मिनिटांनी थोरला, पण रुबाब असा की धाकट्याला जणू यानेच लहानाचा मोठा केला. थोरला दिवसभर थट्टा करायचा, धाकटा दिवसभर कण्हायचा. आणि जन्मभर गाद्यांत हातभर दाभण खुपसणारा हा धाकटा आमची बोटभर सुई बघितली की पांढराफटक पडायचा.

"सिस्टर, याचं रक्त माझ्यातूनच काढा ना," थोरला म्हणायचा. "एकाच कारखान्यातला माल आहे."

मी हसायचे.

एके दिवशी डॉक्टरीणबाई रिपोर्ट घेऊन तरातरा आल्या. "दोघांचंही रक्त बिघडलंय. दोघांनाही वर न्यायला हवं, आणि खाट एकच रिकामी आहे." त्यांनी कागद पुन्हा डोळ्यांजवळ धरले. "जुळे ते जुळे, पण आकडेसुद्धा जुळे?"

"त्यात काय नवल?" थोरला खाटेवरून म्हणाला. "शाळेत आमचे मार्कसुद्धा सारखे पडायचे. धाकट्याला न्या वर. बघा की कसा कण्हतोय."

धाकटा लगेच दुप्पट जोरात कण्हला.

वर न्यायच्या आधी सलाइनची सुई लावावी म्हणून मी धाकट्याची बाही वर केली. कोपराच्या आतली कातडी कोरी करकरीत. दुसरी बाही वर केली, तीही कोरी. सकाळीच रक्त काढलेल्या माणसाच्या हातावर साधा टोचल्याचा ठिपका नाही!

मी थोरल्याकडे वळले. "हात दाखवा."

"कुठला?"

"दोन्ही."

तो एक विनोद सांगायला लागला. मी सरळ पांघरूण ओढलं. दोन्ही कोपरांवर कापूस चिकटवलेला.

बिंग फुटलं. डास नळी ठेवायला पाठमोरा झाला, की हे दोघे खाटा बदलायचे. मनगटावरच्या नावाच्या पट्ट्यासुद्धा त्यांनी अशा सफाईने उसवल्या होत्या, की हव्या तेव्हा अदलाबदल. शाळेत मार्क सारखे कसे पडायचे, तेही कळलं. धाकटा मास्कच्या आत खिदळत होता. मग खिदळता खिदळता एकदम थांबला.

"म्हणजे सिस्टर, हे बिघडलेलं रक्त... दोन्ही वेळा दादाचंच?"

तो थोरल्याकडे वळला.

"दादा, रिपोर्ट ऐकल्यावर तुला कळलं असणार. तरी तू मला वर पाठवत होतास?"

"अरे, मी ठणठणीत आहे! कण्हायचं तू आणि वर जायचं मी?"

"मग दारापर्यंत चालून या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि चालता चालता तो विनोद पुरा करा."

तो ऐटीत निघाला. विनोद अर्ध्यावर तुटला. बोटाला लावलेल्या यंत्रातला आकडा भराभर घसरला आणि तो दाराआधीच भिंतीला टेकला. हल्ली याचे विनोद आखूड होत चालले होते, हे मला तेव्हा जाणवलं.

तरी गडी ऐकेना. खाटेची दांडी धरून बसला. "आधी... याचं खरं रक्त तपासा. हा माझ्याहून वाईट निघाला तर? खाट एकच आहे. तोवर मी हलायचा नाही."

डॉक्टरीणबाई संतापल्या, समजूत घातली, पुन्हा संतापल्या. एवढ्यात धाकट्याने स्वतःच बाही वर सारली. त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता.

"घ्या सिस्टर. लवकर घ्या."

सुई टोचली तेव्हा त्याने अशी बोंब ठोकली, की शेजारच्या वॉर्डातले लोक दाराशी जमले. हात मात्र तसूभरही हलला नाही.

"दिलं, दादा! आता तू जा. मी वाईट निघालो तर भांडून तुझी खाट घेईन."

थोरला गेला, मागे वळून वळून बघत. धाकट्याचं रक्त जवळजवळ निरोगी निघालं.

"मग इतके दिवस कण्हत का होता हो?" मी विचारलं.

"गादी," तो म्हणाला. "कापसाच्या गाठी झाल्यात सगळ्या."

त्यानंतर रोज डास आला की धाकटाच आधी हात पुढे करायचा, डोळे घट्ट मिटून विचारायचा, "वरच्याचं आज कसं आलं?" काही दिवस डास उत्तर द्यायचं टाळायचा. तेव्हा धाकटा कण्हतसुद्धा नसे. ते मला सहन व्हायचं नाही.

शेवटी थोरला खाली आला. गालफडं बसलेली, आवाज खोल गेलेला. खाटेवर बसून तो काहीतरी गमतीचं बोलायला गेला, पण त्याला जमेना. मग त्याने धाकट्याचा हात ओढून उजेडात धरला. कोपराशी सुयांचे ठिपकेच ठिपके. त्यावरून तो हळूच अंगठा फिरवत राहिला.

"दुखलं का रे?"

"खूप," धाकटा म्हणाला, आणि त्याने दुसरीही बाही वर केली.