दिव्यजल आणि हिरवं ऑम्लेट

"अखिल मानवजातीचा शत्रू अंड्यात दडून बसला आहे!" सात्त्विकबाबा गरजले, आणि ते ज्या प्लास्टिकच्या खुर्चीवर उभे होते तिचा एक पाय वाकला. भक्तांनी बाबांना वरच्यावर झेललं. शत्रू बशीत स्वस्थ होता.

सोसायटीचा हॉल खचाखच भरलेला. बाबांनी बशीतल्या अंड्याच्या पांढऱ्यावर जांभळं दिव्यजल शिंपडलं. पांढरं झालं हिरवंगार!

"अगं बाई, विष!" पहिल्या रांगेतून माझी थोरली बहीण किंचाळली.

मग बाबांनी पेल्यात स्वतःचं चूर्ण ढवळून त्यावर तेच जल सोडलं. गुलाबी! "अमृत!" अख्खा हॉल म्हणाला, आणि चूर्णाची पाकिटं दिव्यजलाच्या बाटलीसकट हातोहात खपली.

आमचं स्वयंपाकघर ताईच्या ताब्यात. माझं नुकतंच ऑपरेशन झालेलं. अंडी, डाळी, भाज्या, फळं भरपूर खा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. ताईनं अंडी फेकली. डाळी, पालक आणि सफरचंदं नुसत्या संशयावरून घराबाहेर काढली. मला तिन्हीत्रिकाळ गुलाबी सरबत. अमृत पिऊन पिऊन माझी पँट कमरेवर थांबेना.

"ताई, भूक लागलीय गं."

"ते विष बोलतंय तुझ्या पोटातलं. बोलू दे."

माझी सून शाळेत रसायनशास्त्र शिकवते. ती बाबांच्या पाया पडायला म्हणून वाकली आणि बाटलीचा वास घेऊन उठली.

"बाबा, दिव्यजलाला कोबीचा वास कसा?"

"मुली, तो गुप्त झरा आहे."

पुढच्या सभेला सूनबाई पातेलं घेऊनच आली. "झरा सापडला. भाजीवाल्याकडे होता. जांभळा कोबी चिरून उकळलाय."

तिनं अंडं फोडलं, पांढऱ्यात ते पाणी घातलं. मंत्र नाही, दाढी नाही, तरी हिरवंगार! उरलेल्या पाण्यात लिंबू पिळलं. गुलाबी!

"या कोबीचा रंग आंबटात गुलाबी होतो. अंड्याचं पांढरं आंबटाच्या उलट गुणाचं, त्यात तो हिरवा होतो. बाबांचं चूर्ण म्हणजे साखर आणि लिंबूसत्त्व."

"ते हिरवं खाणारा वाचणार नाही!" बाबा ओरडले.

सूनबाईनं हॉलच्याच गॅसवर त्याचं ऑम्लेट केलं. शेजारी उकडलेले मूग, चिरलेला कोबी, सफरचंदाच्या फोडी. ताईनं माझी बाही धरली. "नको रे राजा! तुझ्याशिवाय कोण आहे मला?"

"उपाशी मेलो तरी नसेनच की."

मी खाल्लं. हॉल श्वास रोखून बघत होता.

"मीठ कमी आहे," मी म्हणालो.

मंडळी, सांगणं एवढंच: चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी तो घरी करून बघा. जमला तर तो स्वयंपाक. नाही जमला तर बाटलीचा वास घ्या. आणि पथ्य डॉक्टरांना विचारा, खुर्चीवर चढलेल्याला नको.

ताई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मी जिवंतच होतो. मग बाह्या सरसावून ती गॅसपाशी गेली आणि तिनं माझ्यासाठी दुसरं अंडं फोडलं.

मागून बाबांचा हळू आवाज आला, "ताई, एक आमच्यासाठीही टाका. मिरची जरा बेतानं."