शेवटल्या ओळीतली मुडली

"गुणक्का, तू एका बी पोराला आपल्या हातानं का भरवत न्हाईस?"

विचारलं मी एकदाचं. वैष्णवी आणि बाळी अंगणवाडीच्या खिडकीखाली तोंडात ओढणी कोंबून बसल्या होत्या. पैज त्यांचीच. तालुक्याला भाषणात पहिला नंबर आणलास, एवढ्या साहेबलोकांपुढं कन्नडमध्ये घडाघडा बोललीस, मग गुणक्काला हे विचारून दाखव, म्हणाल्या. आमच्या गावात हे कुणी विचारत नाही. का विचारत नाही, तेही कुणी सांगत नाही.

गुणक्का विळीवर उकडलेली मुडली कापत होती. तिनं विळी थांबवली नाही.

"तुज्या आयेला इचार," ती म्हणाली. "तिला चांगलं म्हाईत हाय."

खिडकीखालचं खिदळणं बंद झालं. मी पैज जिंकले होते आणि मला उगाचच तहान लागली.

गुणक्का आमच्या अंगणवाडीची सहायकी, म्हणजे मदतनीस. सुमंगला टीचर जोयड्याहून बसनं येतात, म्हणजे बस येईल त्या दिवशी येतात. बाकी झाडणं, पाणी आणणं, शिजवणं, पोरांची नाकं पुसणं सगळं गुणक्काचं. त्यात भाताची कापणी आली की बायका अंगावरची पोरंही तिच्यापाशी सोडून शेतात जातात. तसा नियम नाही. पण अणशीच्या या रानात मळ्यावर पोर निजवून कापणी कोण करणार, म्हणून टीचरही बघून न बघितल्यासारखं करतात.

तिच्या दोन्ही हातांवर कोड आहे. बोटांच्या टोकांपासून मनगटापर्यंत कातडी पांढरी, मग एकदम सावळी. मला लहानपणी वाटायचं, ती पिठातून हात काढून तशीच उठून आलीय.

पोरांना खायला घालायची तिची रीत वेगळी. सहा-सात महिन्यांचं, बसायला लागलेलं पोर ती भिंतीशी बसवायची, पुढं केळीच्या पानाचा तुकडा. त्यावर मऊ उकडलेल्या मुडलीची बोटभर लांब फोड. मुडली म्हणजे आमच्याकडचं अळकुडंच, पण हातभर लांब. फोड पोराच्या मुठीतून वर दिसेल एवढी पाहिजे आणि दोन बोटांत दाबली तर लोणी झाली पाहिजे. आधी स्वतः एक तुकडा चाखायची. मग पोराच्या मागं, हात मांडीत घट्ट अडकवून बसायची. पोर फोड नाकाला लावायचं, डोळ्यात घालायचं, चुकून तोंडात घालायचं. ठसकलं की बायका धावायच्या आणि गुणक्का म्हणायची, "खोकू दे. खोकतंय म्हंजी वाट मोकळी हाय. गप झालं की भ्यायचं."

माझं भाषण यावरच होतं. आमच्या विज्ञानाच्या मॅडमनी मोबाईलवर दाखवलं होतं की शहरातल्या आया आता पैसे देऊन हे शिकतात, पोराला स्वतःच्या हातानं खाऊ द्यायचं, भरवायचं नाही. मी ओरडलेच वर्गात, हे तर आमच्या गुणक्काचं. आणि स्टेजवर सांगितलं, आमच्या गावात एक बाई हे सोळा वर्षं करतेय, कुणी न शिकवता. टाळ्या पडल्या. टाळ्यांची सवय लवकर लागते. त्या महिन्यात मी बसमध्येसुद्धा जरा मोठ्यानंच बोलत होते.

तर त्या संध्याकाळी मी आईला विचारलं. आई सुपात भात पाखडत होती. ती न लाजता सांगत गेली. मी सात महिन्यांची होते, गुणक्का नुकतीच कामाला लागली होती. आईला कापणीला जायचं होतं. जाताना आई तिला म्हणाली, पोरीला ठेव, पण तुझं बोट तिच्या तोंडाला लावायचं नाही. गुणक्का बरं म्हणाली. मग मला भूक लागली, मी रडले, आणि तिनं माझ्यापुढं पानावर मुडलीची फोड ठेवली.

"तवा सगळ्याच तसं म्हनायच्या," आई म्हणाली. "मी पयली म्हनाले, येवढंच."

सूप चालूच राहिलं. म्हणजे जिच्यावर मी टाळ्या मिळवल्या ती रीत माझ्या आईनं लावलेली. गुणक्कानं ती नुसती सोसली होती, आणि सोसता सोसता इतकी नीट केली होती की गावातलं कुठलंही पोर आज हट्टानं, हातानं जेवतं.

त्यावर शहाण्या माणसानं गप्प बसायचं. मी ठरवलं, गुणक्काला काहीतरी मोठं द्यायचं. कापणीत गुणक्का रविवारीही अंगणवाडी उघडते; त्या रविवारी तिच्याकडं लक्ष्मीवहिनीची किरण पहिल्यांदा खायला बसणार होती, आठ महिन्यांची. म्हटलं, मुडली मी नेते. मी उकरते, मी शिजवते, तू फक्त बघ.

आमच्या मुडलीच्या मळ्याची शेवटची ओळ ओढ्याकाठी आहे. ती लावलेली नाही, राखलेली आहे. रानातली खाजरी मुडली. डुकरं रानातून आली की पहिल्यांदा तीच उकरतात, तोंड खाजलं की परत जातात, वरची ओळ वाचते. पाचवीतल्या पोरालाही हे माहीत असतं. मलाही माहीत होतं. पण मी मोबाईलवर माझंच भाषण ऐकत खणत होते, आणि कुठल्या ओळीशी उभी आहे हे पाहिलंच नाही. खालचे गड्डे चांगले जाड निघाले, मला आनंद झाला. शिजवताना आई खाज मारायला नेहमी कोकमाची चार सोलं टाकते. मी मीठ टाकलं. बाळाला आंबट कशाला, म्हटलं.

अंगणवाडीत गुणक्कानं फोड हातात घेतली, दोन बोटांत दाबून बघितली. मी बोलतच होते. स्टेज केवढं होतं, माईक कसा किणकिणला, तिचं नाव घेतलं तेव्हा पहिल्या रांगेतली एक बाई कशी मान डोलावत होती. गुणक्का माझ्याकडं बघून हसत होती. तिला हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही. फोड तिनं पानावर ठेवली.

किरणनं ती दोन्ही हातांनी धरली, चोखली, तोंड वाकडं केलं, आणि कळायच्या आत मोठा लचका तोडला. मग ती खोकली नाही. तोंड उघडं, डोळे मोठे, आवाज नाही.

मी तशीच उभी. गुणक्कानं पोर उचललं, मांडीवर पालथं घातलं, पाठीत थापट्या मारल्या, एक, दोन, तीन, चार. तुकडा पुढं सरकला तसा पोर उलटं करून, तिनं ते पांढरं बोट तोंडात घालून तो ओढून काढला. किरण रडली. इतकं चांगलं रडणं मी कधी ऐकलं नव्हतं.

दारात लक्ष्मीवहिनी उभी होती, हातात विळा. तिला रडणारं पोर दिसलं आणि तोंडातलं बोट दिसलं. त्याआधीचं काही दिसलं नव्हतं.

तासाभरात किरणचे ओठ सुजले, लाळ थांबेना. फॉरेस्टच्या जीपनं जोयड्याला, तिथून कारवारला. चार दिवसांनी बरी होऊन आली. पण त्या चार दिवसांत गावात एकच बोलणं. कोडाचा हात लागला. परशूदादानं, म्हणजे किरणच्या बापानं, कागद लिहून आणला की ही बाई आम्हाला नको. शुक्रवारी अंगणवाड्या तपासणाऱ्या वरच्या मॅडम बैठकीला येणार, तोवर सह्या झाल्या पाहिजेत. अंगणवाडीला कुणी पोरं पाठवेना. गुणक्का रोज दार उघडायची, झाडायची, बसायची, दुपारी कुलूप लावायची.

मी काय केलं? शाळेला गेले. वैष्णवीनं बसमध्ये विचारलं, तू होतीस ना तिथं? मी म्हटलं, मी पाठमोरी होते. एवढी मोठी बोलणारी मी, आणि माझ्या तोंडून तेवढंच निघालं.

बुधवारी बसमधून उतरले ती थेट गुणक्काच्या घरी गेले. ती पायरीवर तांदूळ निवडत होती. मी दप्तरही खाली ठेवलं नाही. सांगून टाकलं, शेवटल्या ओळीतली होती, सोलं घातली नव्हती.

"म्हाईत हाय," ती म्हणाली.

जीपच्या मागं सगळे धावले तेव्हा पानावर उरलेली फोड तिनं खाल्ली होती. दोन दिवस जीभ जड होती म्हणाली.

"मग सांगितलं का न्हाईस?"

तिनं एक खडा वेचून अंगणात टाकला. "मुडली खाजरी हुती म्हनलं तर पयला सवाल येतोय, तू आदी चाखली न्हाईस व्हय? सोळा वर्सं चाखूनच देत आले. त्या दिवशी तू बोलत हुतीस. माजं नाव घेतलंस म्हनत हुतीस. मला आयकायला बरं वाटलं, आन चाखायची ऱ्हायली."

मला रडू आलं, तिला नाही. मी म्हटलं, मी बैठकीत सांगते, माझी चूक आहे. तिनं सूप मांडीवरून उतरवलं आणि दोन्ही हात माझ्यापुढं धरले, तळवे वर, जसं कुणी पाणी मागतं.

"सांगून काय हुईल पोरी? मुडलीचं कळंल. हात तर हेच ऱ्हातील."

मी ते हात धरले. गार होते आणि तांदळाच्या कोंड्यानं खरखरीत. तिनं ते हळूच सोडवून घेतले, कारण समोरून कुणी बाई पाण्याला चालली होती.

काल, गुरुवारी, घरी आले तर बाबा मळ्यातून परत आलेले. ते फॉरेस्टमध्ये वॉचर आहेत, माग काढणं हेच त्यांचं काम. ओढ्याकाठचे खड्डे त्यांनी बुजवले होते. आई म्हणाली, डुकरं आलेली वाटतं. बाबा माझ्या चपलांकडं बघत म्हणाले, "व्हय. डुकरंच." आणि भाकरी मोडायला लागले. म्हणजे त्यांना कळलं होतं. आईलाही कळलं होतं, कारण डुकरांचं बोलताना ती माझ्याकडं बघत नव्हती.

शेल्फवर परशूदादाचा कागद होता, आमच्या घरी सहीला आलेला. वर लक्ष्मीवहिनीची सही. दुसरी आईची. मंगल म्हादू, एकेक अक्षर सुटं, जसं ती मला पहिलीत शिकवताना काढायची.

मी आईला विचारलं, तुला खरं माहीत असून? तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग हळूहळू बोलली. खरं बाहेर पडलं तर कारवारचा खर्च परशू कुणाकडं मागेल, तुझं नाव गावात कसं घेतील, आत्ता कुठं चार लोक म्हादूची पोर हुशार म्हणायला लागलेत. शेवटी म्हणाली, "गुणीला काय, ती एकटी हाय. तिला सवय हाय."

हे ती वाईटपणानं म्हणाली नाही. हेच मला सहन झालं नाही. माझी आई चांगली बाई आहे. कुणाचं बाळंतपण अडलं तर ती पहिली जाते. आणि तीच म्हणाली, तिला सवय आहे.

बाबा जेवत होते. ताटातली मुडलीची भाजी त्यांनी बाजूला सारलेली दिसली. मी उभी राहिले.

"बाबा, आये, उद्या मी शाळंला जानार न्हाई. बैठकीला जानार हाय. मुडली मी उकरली, शेवटल्या ओळीतली, सोलं न घालता शिजवली, आन गुणक्कानं बोट घातलं म्हनून किरण जगली, येवढं सगळ्या बायकांपुढं सांगनार हाय. गुणक्काची नोकरी त्यानं ऱ्हाईल असं न्हाई, तिनं तसं सांगितलंय मला. तरी सांगनार. आन आये, त्या कागदावरची तुजी सही खोड असं मी म्हननार न्हाई. ती तुजी तू बघ."