एकडोळ्या देव

भावकीतला सामाईक बांध आपल्या वावरात घ्यायचा म्हणून हैबतरावानं बांधावर देवच उभा केला. शेंदूर फासलेला गोल दगड आणि त्याला चांदीचा एकच डोळा. आता गावाबाहेर नवे बंगले बांधून राहिलेल्या शहरी लोकांसाठी इंग्रजी पाटी रंगवणं चाललं होतं. त्याची थोरली भावजय रत्नाबाई बांधापलीकडून ऐकत होती.

“स्वयंभूला इंग्रजीत काय म्हनत्यात?” त्यानं लेकीला विचारलं.

“अनमेड,” दिशा म्हणाली. “म्हणजे कुणी न घडवलेलं. देवाबद्दल म्हणतात, नाहीतर न आवरलेल्या अंथरुणाबद्दल.”

“अंथरुनाचं ऱ्हाऊ दे. देवाचं ल्ही.”

रत्नाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिवाळीत तिच्या परसातून जात्याची वरची तळी, खुंटा धरून फिरवायचा तो दगड, नाहीशी झाली होती. ती तरातरा घरी गेली आणि जात्याचा लाकडी खुंटा घेऊन आली. बापलेकीसमोर तिनं देवाचा डोळा उपटून काढला. आत भोक होतं. तिनं खुंटा त्यात ठोकला, तो घट्ट बसला.

“खालची तळी माझ्या पडवीत हाय, हैबती. तीबी न्हे, जोडीनं पूज.”

रत्नाबाई दिशाकडं वळली.

“ह्याच देवावर दळून तुझ्या बापाला वाढवलाय म्या. आता ल्ही, कुनी घडवला न्हाई म्हनून.”