डावा खांदा

"त्याला सांग, पाय मागे घे म्हणावं," थोरला म्हणाला.

"पाय मागे घे," ड्रायव्हर म्हणाला.

"घेतलाय म्हणावं," धाकट्याने उत्तर दिलं.

"घेतलाय म्हणतोय," ड्रायव्हरने परत पोचवलं.

तिघंही कमरेत वाकून, एकमेकांच्या खांद्यांत हात अडकवून उभे होते. समोर दुसऱ्या संघाचे तिघं तसेच, डोक्याला डोकं भिडवायच्या तयारीत. थोरला मधोमध. त्याच्या उजव्या हाताला शाळेची बस चालवणारा ड्रायव्हर आणि डाव्या हाताला सख्खा धाकटा भाऊ. धाकट्याचा कान थोरल्याच्या तोंडापासून चार बोटांवर होता, तरी निरोप जायचा तो ड्रायव्हरमार्फत, वळसा घालून. चार वर्षं हेच चाललं होतं. पहिल्या वर्षी संघातली पोरं हसायची. आता एखादा नवा पंच आला तर तोच काय तो हसायचा.

रग्बीत याला स्क्रम म्हणतात. आठ जण इकडून, आठ जण तिकडून रेटतात, चेंडू मधे सरकवला जातो आणि पहिल्या ओळीतल्या मधल्याने तो पायाने मागे ओढून घ्यायचा. मधल्याचे दोन्ही हात शेजाऱ्यांभोवती गुंतलेले असतात. पडला तर सरळ तोंडावर. शेजाऱ्यांवर भरवसा नसेल त्याने त्या जागी उभंच राहू नये. थोरला तिथे चौदा वर्षं उभा होता आणि डावीकडे पहिल्यापासून तोच खांदा होता.

क्लब म्हणजे तरी काय, पाण्याच्या टाक्यांमागचं मैदान, पत्र्याची एक खोली आणि दोन नळ. पोटापाण्याचं सांभाळून शनिवारी दुपारी जमणारी माणसं. थोरला वजनकाट्यावर होता. दिवसभर काचेच्या खोलीत बसून ट्रकांची वजनं घ्यायची, आधी रिकाम्या गाडीचं, मग भरलेल्या. धाकटा लोकांच्या घरी फरशा बसवायचा. संघ बांधायचं काम मास्तरांचं. ते शाळेतून निवृत्त झाले होते, पण शिट्टी काही गळ्यातून निघाली नव्हती. भावांचं बिनसलं तेव्हा मास्तरांनी दोघांना एकदाच सुनावलं होतं, "तुमचं भांडण तुमच्या घरी ठेवा. इथे मला फक्त खांदे पाहिजेत." दोघांनी ते तंतोतंत पाळलं.

बिनसलं होतं वडिलांवरून. वडील धाकट्याकडे राहायचे. तीन दिवस ते अंथरुणाला खिळले होते आणि थोरल्याला निरोप मिळाला चौथ्या दिवशी. तो धावतपळत पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. दारातच, चारचौघांसमोर, तो धाकट्याला म्हणाला, "मुद्दाम कळवलं नाहीस." आणि धाकटा म्हणाला, "कळवून तू काय करणार होतास?" दोघंही रडवेले होते आणि दोघंही जे मनात नव्हतं तेच बोलले. पण बोलले ते बोलले. मग आधी कोण बोलणार यावर घोडं अडलं, ते अडूनच राहिलं. बायका बाजारात एकमेकींना भेटायच्या, पोरांचे जुने कपडे इकडून तिकडे जायचे. दोघा भावांना ते ठाऊक होतं आणि दोघंही ठाऊक नसल्यासारखं दाखवायचे.

अबोल्याच्या चौथ्या वर्षीचा हंगाम चौदा सामन्यांचा होता. पहिले दोन हरले, त्यात नवल नव्हतं. तिसऱ्या सामन्यात स्क्रमसाठी वाकताना थोरल्याने नेहमीसारखा डावा हात भावाच्या पाठीवरून पलीकडे टाकला आणि काखेखाली जर्सी मुठीत धरली. एरवी मुठीत जर्सीबरोबर मांस यायचं. धाकटा अंगाने दांडगा, त्याला धरणं म्हणजे भरलेलं पोतं धरणं. त्या दिवशी बोटं दोन पेरं पुढे गेली आणि बरगडीवर टेकली.

थोरल्याला वाटलं, व्यायाम करत असेल. पुढच्या शनिवारी त्याला दोन बरगड्या लागल्या. पाचव्या सामन्यात जर्सीच्या आत धाकट्याने दोन बनियनं घातली होती. हाताला ती जाडी कळली आणि तिच्याखालचं हाडही कळलं. बाकी कोणाच्या ध्यानात आलं नाही. त्या मैदानावर भावाचं वजन हाताने मोजणारा दुसरा कोण होता? आणि थोरल्याचा तर जन्म वजनं मोजण्यात चालला होता. गाडी किती हलकी झाली हे त्याला आकडा बघण्याआधी आवाजावरून कळायचं.

त्याने कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही, ती दुसऱ्याच दिवशी जावेला गाठून सांगणार, आणि मग धाकट्याला वाटणार की दादा नमला. काचेच्या खोलीत बसून तो मनाशी म्हणायचा, त्याला तोंड आहे, तो सांगेल. बायको आहे घरात, ती बघेल. मी कशाला मधे पडू?

मात्र अंगाने त्याने भलतंच केलं. तो स्क्रममधे डावीकडे जास्त झुकू लागला आणि भावावर येणारा भार आपल्या मानेवर घेऊ लागला. मूठ आवळायची तीही त्याने सैल केली, न जाणो, दुखत असेल. रविवारी त्याला मान वळवता यायची नाही. बायको तेल चोळताना म्हणायची, "या वयात कशाला हवेत हे धंदे?"

सहाव्या सामन्यात डावी बाजू कोसळली. धाकटा गुडघ्यावर आला, त्याच्यावर थोरला आणि त्या दोघांवर बाकीचा डोंगर. पंचाने शिट्टी मारली, समोरच्यांना किक मिळाली आणि तीन गुणांनी सामना गेला. खेळ संपल्यावर मास्तर तडक दोघांसमोर येऊन उभे राहिले.

"काय रे धाकट्या, काय झालं? तू असा बसणारा नाहीस. बरं आहे ना?"

धाकटा काही बोलायच्या आत थोरला म्हणाला, "माझा पाय घसरला, मास्तर. चूक माझी."

मास्तरांनी त्याच्या बुटांकडे पाहिलं, मैदानाकडे पाहिलं. मैदान खडखडीत कोरडं होतं. "बुटाचे खिळे बदल," एवढंच म्हणून ते गेले.

धाकट्याने मान वळवून थोरल्याकडे पाहिलं. चार वर्षांत पहिल्यांदा, सरळ. थोरला नळाकडे चालू लागला.

दोन नळ शेजारी शेजारी होते. थोरला एकावर पाय धुऊ लागला, धाकटा दुसऱ्यावर. एकेक करून सगळे निघून गेले. धाकट्याचे पाय केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी तो घोटे चोळत राहिला. तो कशासाठी थांबलाय हे थोरल्याला पक्कं ठाऊक होतं. शब्दही ओठांवर होते, 'किती वाळलास रे' एवढेच. मग त्याला ती दारातली चारचौघं आठवली, ते वाक्य आठवलं. त्याने बूट पिशवीत कोंबले, नळ बंद केला आणि तो घरी गेला. मागे दुसरा नळ बराच वेळ वाहत होता.

नवव्या शनिवारी धाकटा आला नाही. आदल्या दिवशी कोणाच्या तरी न्हाणीघरात फरशी बसवताना तो गुडघ्यांवरून जो आडवा झाला, तो उठलाच नाही. घरमालकाने रिक्षात घालून त्याला दवाखान्यात नेलं. पोटात गाठ होती आणि ती पसरली होती. महिना-दीड महिना आधी आले असते तर शस्त्रक्रिया करून बघता आली असती, असं डॉक्टर म्हणाले. थोरल्याच्या बायकोने रडत रडत हे सांगितलं तेव्हा तो जेवत होता. त्याने बोटांवर शनिवार मोजले. तिसरा, चौथा, पाचवा, सहावा. ताट तसंच सारून तो उठला.

वॉर्डात धाकटा उशीला टेकून बसला होता. दवाखान्याचा अंगरखा खांद्यावरून घसरत होता. थोरला पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला.

धाकट्याने त्याच्या मागे दाराकडे पाहिलं. "ड्रायव्हर नाही आणलास?" तो म्हणाला.

थोरल्याला हसू आलं, आणि हसता हसता त्याला पलंगाची दांडी धरावी लागली.

"बस की," धाकटा म्हणाला. "उभा काय राहिलास पाहुण्यासारखा?"

त्यानंतर थोरला रोज काम सुटलं की जायचा. चार वर्षांचं बोलणं साठलं होतं, पण दोघंही बोलायचे ते खेळाचंच. डावीकडे आता कोण उभं राहतं, ड्रायव्हर अजून तसाच शिव्या देतो का, मास्तरांची शिट्टी. अकरावा सामना क्लबने जिंकला, हंगामातला पहिलाच, आणि थोरल्याने तो दोनदा सांगितला, कारण धाकटा मधेच डोळे मिटून घ्यायचा. एकदा थोरल्याने धीर केला. "बाबांच्या वेळी मी जे बोललो ना..."

"सोड रे," धाकटा म्हणाला.

"आणि आता या वेळी, मला खरं तर..."

"दादा, पाणी दे."

त्याने पाणी दिलं. पेला धरायला धाकट्याला दोन्ही हात लागले. पुढचं बोलणं राहिलं ते राहिलंच. बाराव्या सामन्यानंतरच्या गुरुवारी, सकाळी आठच्या सुमारास, धाकटा गेला. बायको उशाशी होती. थोरला काट्यावर होता.

तेराव्या सामन्याला थोरला गेला नाही. मास्तरांनीही निरोप धाडला नाही.

चौदाव्या सामन्याच्या दिवशी दुपारी तो भावजयीकडे गेला. चार वर्षांनी त्या स्वयंपाकघरात शिरला आणि जमिनीकडे बघत राहिला. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं होतं. गावभर फरशा बसवणाऱ्याच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात ओट्यापासून अर्ध्यापर्यंतच फरशी होती, पुढे नुसता उघडा कोबा. भिंतीला टेकवून उरलेल्या फरशा रचल्या होत्या. लोकांच्या घरून आणलेल्या, चार घरांच्या चार रंगांच्या.

"हंगाम संपला की करतो म्हणायचे," भावजय म्हणाली. "किती हंगाम संपले."

ती नवऱ्याचे कपडे घड्या घालून वेगळे करत बसली होती. पोरगी शेजारी खेळायला गेली होती. थोरला भिंतीशी टेकला. थोड्या वेळाने ती म्हणाली, "भावोजी, एक विचारू?"

"विचार की."

"तुम्हाला कधी कळलं?"

सगळ्यांना कळलं तेव्हाच, असं म्हणता आलं असतं. कोणी पडताळायला जाणार नव्हतं.

"तिसऱ्या मॅचला," थोरला म्हणाला. "हाताला बरगडी लागली. दर शनिवारी कळत होतं. मी बोललो नाही. त्याने आधी बोलावं म्हणून बसून राहिलो." मग म्हणाला, "बाबांच्या वेळी मी त्याला ज्यावरून बोललो, तेच मी केलं."

भावजयीने हातातल्या सदऱ्याची घडी पुरी केली. ती काही तरी फेकून मारेल याची तो वाट बघत होता. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"त्यांना ठाऊक होतं," ती म्हणाली.

"काय?"

"तुम्हाला कळलंय ते. मी रोज पाठीस लागायचे, डॉक्टरकडे चला, डॉक्टरकडे चला. तर म्हणायचे, दादाच्या हाताला लागलंय, त्याने मूठ सैल केलीय. आज ना उद्या तो विचारेल. तो म्हणाला की जाऊ." तिने दुसरा सदरा उचलला. "त्या नळावरच्या दिवशी तर घरी आले ते हसतच. म्हणाले, दादाने चूक अंगावर घेतली. आता पुढच्या शनिवारी बोलतोच बघ. पाय पार सोलून निघाले म्हणे धुवून धुवून."

थोरला खाली बसला.

"मला तुमचा फार राग यायचा," ती म्हणाली. "पण मी तरी काय केलं? तुमच्या घरी यायला दहा मिनिटं लागतात. मीही म्हटलं, आधी त्यांच्याकडून येऊ दे."

बाहेर कोणाची तरी सायकल गेली. तिने कपड्यांचे दोन ढीग केले, एक देण्याचा, एक ठेवण्याचा. ठेवण्याचा मोठा झाला.

थोरल्याने फरशांकडे पाहिलं. उठून बाही दुमडली. कोपऱ्यात सिमेंटची अर्धी पिशवी होती, ती त्याने घमेल्यात पालथी केली. "मला हे काम येत नाही," तो म्हणाला.

"माहितेय मला."

त्याने सिमेंट कालवलं. आधी फार पातळ झालं, मग फार घट्ट. तिने उठून तांब्याभर पाणी आणून ठेवलं. तो गुडघ्यांवर बसला, कोब्यावर थापीने सिमेंट पसरलं आणि एक निळसर फरशी धाकट्याने बसवलेल्या शेवटच्या फरशीला लावून ठेवली. डोकं खाली घालून, एक डोळा मिटून तो बघत राहिला. त्याला काही कळेना.

"बघ गं जरा," तो म्हणाला. "सरळ आहे का?"

ती त्याच्या मागे येऊन उभी राहिली. "नाही," ती म्हणाली. "उजवीकडे उचलली गेलीय."

त्याने फरशी काढली, खालचं सिमेंट बोटांनी सारखं केलं आणि पुन्हा ठेवली.

"आता?"